कडेवरचे मूल

रस्त्यात एखादे अनोळखी मूल भेटले की आपल्याकडची वडीलधारी माणसे त्याला पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणाचा रे तू?’ नाव नंतर, इयत्ता त्याहून नंतर. मूलही मग बापाचे नाव सांगते, कधी आजोबांचे, कधी आळीचे. विचारणाऱ्याचे समाधान होते व तो आपल्या वाटेला लागतो. मूल कोणाचे हे एकदा कळले की ते आपले नव्हे, एवढेही त्याबरोबरच कळलेले असते. या साध्या प्रश्नाच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न आहे, आणि वस्तीवस्तीत चालणाऱ्या बालवाड्या, पाळणाघरे व अंगणवाड्या यांच्या इतिहासात तो वारंवार वर येतो. दुसऱ्याच्या मुलाचे आपण काही देणे लागतो काय? लागत असू तर ते कोणी, कशाच्या रूपाने आणि कोणाच्या खिशातून फेडावयाचे?

ज्याने जन्म दिला त्याने सांभाळावे, हे या प्रश्नाचे सर्वांत जुने व सर्वांत सोपे उत्तर आहे. ते उथळ म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. आईबापांची जबाबदारी सैल झाली की मुलांचे हाल होतात, हे आपण सारेच जाणतो. संस्थेच्या मायेला वेळापत्रक असते, आईच्या मायेला ते नसते. तेव्हा मूल घरात, आईच्या पदराखाली वाढावे असे म्हणणाऱ्याच्या मनात मुलाचे हितच असते. माझी अडचण निराळी आहे. हे उत्तर देणारा मनुष्य एका विशिष्ट घराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो. त्या घरात आई दिवसभर असते, निदान आजी तरी असते. वसईपासून डहाणूपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात अशी घरे होती, नव्हती असे नाही. परंतु भाजीच्या व फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणारी बाई, दुसऱ्याच्या वाडीत खुरपणी करणारी बाई, लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेली बाई, हीदेखील आईच होती. तिचे मूल त्या वेळी कोणाच्या पदराखाली होते?

पुष्कळदा ते तिच्या थोरल्या मुलीच्या कडेवर होते. सात-आठ वर्षांची, स्वतःच अजून मूल असलेली मुलगी एका बाजूला कंबर काढून दीड वर्षाच्या भावाला तोलत उभी आहे, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही पाहण्यासारखे आहे असे वाटतच नाही. उलट ‘किती समजूतदार पोर!’ म्हणून आपण तिचे कौतुक करतो. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर या देशातील सर्वांत स्वस्त पाळणाघर तिच्या कडेवर चालत आले आहे. त्याला भाडे नाही, पगार नाही, परवाना नाही. त्याची किंमत नोंदली जाते ती फक्त शाळेच्या हजेरीपटावर, गैरहजेरीच्या खुणांनी. ज्याने जन्म दिला त्याने सांभाळावे हे तत्त्व आपण मोठ्या आवाजात सांगतो, आणि प्रत्यक्षात ते जिने कोणालाही जन्म दिलेला नाही अशा एका लहान मुलीकडून पाळून घेतो.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली आणि जिच्यावर उपाय शोधण्यात ज्यांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे घातली, त्या दोन बायका आपल्याच रेल्वेमार्गावर, घोलवड स्टेशनाजवळच्या बोर्डी गावी येऊन राहिल्या होत्या. ताराबाई मोडक (1892-1973) या मुंबईच्या पदवीधर बाई. राजकोटला अध्यापिका घडविणाऱ्या महाविद्यालयात त्या प्राचार्या होत्या. 1923 साली ती नोकरी मागे टाकून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. बालशिक्षणावरील ‘शिक्षणपत्रिका’ त्यांनी मराठीतून चालविली. एवढे नाव झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, डिसेंबर 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तोवरचे बालशिक्षण शहरातील सुस्थित घरांच्या मुलांना मिळत होते व त्याची साधने महाग होती. खेड्यातील गरिबाच्या मुलाला ते परवडेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ (1910-1992), बालवैधव्य सोसून शिकलेल्या व पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या. पुढे ताराबाई गेल्यावरही अनुताईंनी ते काम जवळजवळ वीस वर्षे ओढले.

बालमंदिर उघडले, पण ज्यांच्यासाठी ते मुख्यतः उघडले ती मुले येईनात. येथे पुष्कळ संस्था थांबतात. ‘आम्ही सोय केली, लोकांनाच किंमत नाही’ असा शेरा अहवालात लिहिला की संस्थेची सद्सद्विवेकबुद्धी शांत झोपते. ताराबाई व अनुताई यांनी उलट केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या वस्तीत न्यावी असे ठरवून त्या दलितांच्या वस्तीतील अंगणात जाऊन बसल्या. अंगणातील बालवाडी, म्हणून अंगणवाडी. आज सरकारी फलकावर आपण हा शब्द वाचतो तेव्हा त्याची जन्मकथा कोणाच्या मनात येत नाही, परंतु त्या शब्दात पुष्कळ विचार साठलेला आहे. आपल्या घररचनेत अंगण ही मोठी विलक्षण जागा आहे. ते घराचे असते, पण घराच्या आत नसते. तेथे शेजारी न विचारता येऊन टेकू शकतो, आणि घरधनीण उंबऱ्यावरून सारे पाहू शकते. मुलाला शाळेत घालताना आई त्याला दाराआड सोडून येते, आत काय चालले आहे हे तिला कळत नाही. अंगणात जे चालते ते तिच्या डोळ्यांदेखत चालते. जी बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या दारी उभी राहिली, तिच्या दारी शिक्षिकेने येऊन बसावे, यात मानाची एक उलथापालथ होती. जातीने वाटून घेतलेल्या गावात तर ती फारच मोठी होती.

साधने म्हणून शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, बांबूचे तुकडे, माती, जे भोवती मिळेल ते घेतले. अभ्यासक्रमाचा प्रारंभ अंघोळीने, नखे काढण्याने, केस विंचरण्याने झाला. या अंघोळीचा मात्र थोडा विचार केला पाहिजे, कारण बालसंगोपनाच्या सर्व परोपकारी कार्यात तो नाजूक मुद्दा आहे. दुसऱ्याच्या मुलाला न्हाऊ घालणे ही मायेची गोष्ट आहे, पण तीत मुलाच्या आईवर एक मूक ठपकाही येऊ शकतो. घरात पाणी भरून ठेवलेले असेल तर स्वच्छता हा गुण आहे. हंडा घेऊन लांब जावे लागत असेल आणि सवर्णांच्या विहिरीवर मज्जाव असेल, तर अस्वच्छ मुलाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्या विहिरीकडे बोट दाखवावे लागते. केंद्र वस्तीत असले म्हणजे चालविणाऱ्याला हे दिसते. ते वस्तीबाहेर असले तर दिसते फक्त मळके मूल.

1957च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथली मुले वारली, त्यांचे आईबाप भूमिहीन किंवा भूमिहीनासारखेच. गवतकापणीला आणि मजुरीला घरातली मोठी माणसे बाहेर पडली की घरातल्या पोरांपैकी काही गुरांमागे जात, काही धाकट्या भावंडांमागे. शाळा होती, पण शाळेत यायला मोकळे मूलच नव्हते. कोसबादच्या विकासवाडीत यावर जी योजना झाली ती मला बालशिक्षणाच्या अनेक थोर सिद्धांतांहून मोलाची वाटते, कारण ती अगदी साध्या निरीक्षणातून आली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवली. थोरल्या मुलीने धाकट्याला कडेवर घेऊनच यावे, त्याला पाळण्यात सोडावे, मधल्या भावाला बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे. तिला भावंडापासून तोडले नाही, भावंडाचे ओझे तेवढे तिच्या कमरेवरून उतरविले. जी मुले गुरांमागे रानातच असत त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मुलांचे आयुष्य आधी नीट पाहावे आणि शाळेचे वेळापत्रक त्यावरून बेतावे, अशी ही रीत होती. शिक्षणखात्यांना ती अजूनही पुरती उमगलेली दिसत नाही.

या इतिहासाला लागूनच दुसरा एक इतिहास आहे व तो वगळला तर चित्र खोटे ठरेल. ज्या 1945 साली बोर्डीला केंद्र निघाले, त्याच वर्षी मे महिन्यात त्याच मुलखात झरी येथे वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकर व किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर गोळीबारही झाला. एकीकडे आईबाप ‘फुकट राबणार नाही’ म्हणून उठले होते, दुसरीकडे त्यांच्या मुलखात मुलांसाठी अंगण शोधले जात होते. या दोन कामांची माणसे निराळी, विचारसरणी निराळ्या, आणि एका कामाला दुसऱ्याची फारशी आवड होती असेही नव्हे. कोणी म्हणेल, वेठ मोडल्याशिवाय बालवाडी म्हणजे जखमेवर फुंकर. यात तथ्य आहे. ज्या बाईला मजुरीच मिळत नाही तिच्या मुलाला मणी ओवायला शिकवून काय होणार? पण मूल थांबत नाही, हीदेखील तितकीच खरी गोष्ट आहे. न्याय येईपर्यंत, समजा दहा वर्षे लागली, तर आजचे दोन वर्षांचे मूल तोवर बारा वर्षांचे होऊन गुरांमागे गेलेले असेल. बालसंगोपनाच्या कामाला जी एक घाई असते ती यामुळे, आणि या घाईपायीच ते काम करणारी माणसे कधीकधी मोठ्या अन्यायाशी तडजोड करतात. दोन्ही कामे हवीत म्हणून हात झटकणे मला पटत नाही. जमिनीच्या प्रश्नाकडे पाठ फिरविणारे बालकेंद्र हळूहळू जमीनदाराच्या सोयीचे होत जाते, एवढे तरी स्पष्ट म्हटले पाहिजे.

सोय कोणाची, हा प्रश्न बालगृहाच्या आधुनिक इतिहासात अगदी आरंभापासून आहे. ज्यांच्या पद्धतीवरून भावनगर व बोर्डी येथील मंडळींनी स्फूर्ती घेतली त्या मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. ते उघडण्याची कल्पना माँटेसरीबाईंची नव्हती. मोडकळीला आलेल्या चाळी विकत घेऊन, दुरुस्त करून त्या मजुरांना भाड्याने देणारी एक कंपनी होती. आईबाप कामाला गेले की शाळेत जाण्याच्या वयाची नसलेली मुले जिन्यांत धुडगूस घालीत व नव्याने रंगविलेल्या भिंती खराब करीत. दुरुस्तीवर जो खर्च होणार तोच एका खोलीवर व एका शिक्षिकेवर केला तर काय वाईट, असा कंपनीच्या प्रमुखाने विचार केला. म्हणजे जगप्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाचे मूळ भिंतींच्या काळजीत होते! मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. चांगली कामे निर्मळ हेतूनेच सुरू होतात असे नाही. महत्त्वाचे हे की माँटेसरीबाईंनी त्या खोलीतून निराळाच अर्थ काढला. आईचे काम आजवर एकेका घरात कोंडलेले होते, ते आता साऱ्या चाळीचे झाले आणि ही खोली भाडेकऱ्यांच्या सामाईक मालकीची आहे, असे त्यांनी मांडले. शिक्षिकेने त्याच चाळीत राहावे, आयांनी आठवड्यातून एकदा तिला भेटावे, असा नियम झाला.

त्याच नियमावलीत दुसरेही एक कलम होते. मूल न धुता, मळक्या कपड्यांत आले तर त्याला काढून टाकता येत असे. आईबापांनी बालगृहाच्या माणसांचा मान ठेवला नाही तरी मूल जाई. या कलमापाशी मन अडखळते. सामुदायिक केंद्राला शिस्त लागते, हे खरे. एका घराने हयगय केली तर साऱ्यांना खरूज होते. पण आईच्या उद्धटपणाबद्दल मुलाची जागा जावी, हा कोणता न्याय? ज्या मुलाची आई बेफिकीर आहे त्यालाच तर त्या खोलीची सर्वांत जास्त गरज असते. आपल्या वस्त्यांतूनही हे घडते. ‘फी थकली’, ‘आई सभेला आली नाही’, ‘बाप दारू पिऊन दारात आला’ म्हणून पोर घरी पाठविले जाते आणि मागच्या दाराने पुन्हा थोरल्या बहिणीच्या कडेवर जाते. आईबापांशी भांडावे, त्यांना बोलवावे, बोलावे, प्रसंगी पोलिसांतही जावे. मुलाची चटई मात्र उचलू नये. समुदाय जवळ असतो म्हणून माया करू शकतो, तसाच तो जवळ असतो म्हणून जाचही करू शकतो. दूरच्या सरकारचा जाच बेपर्वाईचा असतो, शेजाऱ्याचा जाच नावानिशी असतो.

ज्यात मालक व परोपकारी यांपैकी कोणीच नव्हते असेही एक उदाहरण आहे. तेही 1945चेच आहे. उत्तर इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यात, महायुद्ध संपता संपता, लोकांनी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने टाकून दिलेला एक रणगाडा, काही लष्करी गाड्या व घोडे विकून त्या पैशांवर मुलांची शाळा बांधली. बाँबने पडलेल्या घरांच्या विटा धुऊन वापरल्या. शेतकऱ्याने जमीन दिली, गावाने रात्री व रविवारी अंगमेहनत केली. लोरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून तेथे गेला आणि त्या कामाचाच झाला. तथापि या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. नुसत्या उत्साहावर अशा शाळा चालविणे कठीण गेले. अखेर 1963पासून रेज्जोच्या नगरपालिकेने स्वतःच्या बालशाळा उघडल्या, पुढे लोकांनी उभारलेल्या शाळाही पालिकेकडे आल्या, आणि तेव्हा त्या कामाला स्थैर्य आले. विटा गाव धुऊ शकते. पगार दरमहा द्यावयाचा तर कर गोळा करणारे कोणीतरी लागते.

आपल्या देशात या देण्याचा एक वाटेकरी कायद्याने फार पूर्वीच ठरविला आहे, तो म्हणजे कामावर ठेवणारा. 1948च्या कारखाना कायद्याने 50हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले. 1976 साली ही संख्या 30 झाली. 1996च्या कायद्याने बांधकामाच्या जागीही 50हून अधिक स्त्री-मजूर असल्यास तशी सोय सांगितली. त्यापूर्वी, 1969 साली, दिल्लीला राजघाटाजवळ गांधीजन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता, मीरा महादेवन यांनी तेथल्या मजूरस्त्रियांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहिली व तेथेच एक तंबू ठोकून पाळणाघर सुरू केले. त्यातून निघालेल्या मोबाईल क्रेशेस या संस्थेचे काम पुढे मुंबईत व पुण्यातही आले. बांधकाम संपले की मजूर हलतात, त्यांच्याबरोबर पाळणाघरही हलते. ज्या इमारतीत आपण राहतो तिच्या किमतीत सिमेंट, लोखंड, वाळू व दलाली हे सारे धरलेले असते. ती उभी राहताना चौथ्या मजल्याच्या उघड्या कडेशी खेळणाऱ्या मुलाला सांभाळण्याचा खर्च मात्र त्यात क्वचितच असतो. तो खर्च वाचला असे आपण समजतो. खरे तर तो त्या मुलाने किंवा त्याच्या बहिणीने भरलेला असतो.

या कायद्यांतील आकड्यांकडे नीट पाहिले तर ‘कोणाचा रे तू?’ या प्रश्नाचे सरकारी उत्तर वाचता येते. सर्वत्र मोजणी आहे ती स्त्रियांची. कारखान्यात 500 पुरुष असोत, त्यांना प्रत्येकी दोन मुले असोत, त्यामुळे पाळण्याची एक दोरीसुद्धा लागत नसे. कायद्याच्या लेखी मूल बाईचे होते. परिणाम असा, की पाळणाघराचा खर्च टाळावयाचा तर बायका तिसावर थांबविल्या की भागे. 2017 साली मातृत्वलाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्रिया असोत वा पुरुष, असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सांगितली गेली. मोजणीत बाप आला. परंतु दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा त्याच कलमात दिली गेली ती स्त्रीलाच. बाप मोजला गेला, त्याला बोलावले नाही.

आता दुसऱ्या वाटेकऱ्याकडे, शासनाकडे वळू. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातील शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. सहा वर्षांखालील मुलांची वजने, पूरक आहार, लसीकरण, गरोदर बायकांची नोंद, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण, शिवाय निवडणुकीची व सर्वेक्षणाची वरकड कामे, हा एका सेविकेचा दिवस. एवढी मोठी योजना जगात फार थोड्या ठिकाणी असेल, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण ती उभी आहे एका शब्दावर, आणि तो शब्द मला बोचतो: ‘मानधन’. सेविकेला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला आपण मानधन देतो, कारण तो त्याचा नित्याचा चरितार्थ नाही असे मानलेले असते. अंगणवाडीची बाई वर्षानुवर्षे रोज दार उघडते, नोंदी ठेवते, वरिष्ठांपुढे जाब देते. तिला सेविका म्हणायचे व तिच्या मजुरीला मान म्हणायचे, ही भाषेची सोय कोणाच्या पथ्यावर पडते? ऑक्टोबर 2018पासून केंद्राने सेविकेचे मानधन दरमहा 3,000 रुपयांवरून 4,500 रुपये केले व मदतनीसाचे 1,500वरून 2,250. राज्ये त्यावर आपली भर घालतात, हे खरे. ती धरूनही ज्या रकमेत आपण शहरात मुलाला शिकवणी लावणार नाही त्या रकमेत एक बाई वस्तीतली सारी मुले सांभाळते, हा या योजनेचा पाया आहे.

25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो त्याचा, हक्क असल्याचा निर्णय दिला. 4 डिसेंबर 2023पासून महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांनी बेमुदत संप केला व तो जानेवारी 2024 उजाडून गेल्यावरही चालू होता. त्या दिवसांत ‘लहान मुलांना उपाशी ठेवून संप कसला?’ असे म्हणणारे भले लोकही होते. त्यांचा कळवळा खोटा नव्हता. मात्र तो चुकीच्या दारी गेला होता. आपण मुलांचे देणे लागतो, हे एकदा मान्य केले तर ते देणे गरीब बाईच्या पगारातून कापून फेडता येत नाही. थोरल्या बहिणीच्या कमरेवरचे ओझे काढून सेविकेच्या कमरेवर ठेवले, एवढ्याने समाजाने मूल उचलले असे होत नाही. आणि त्या सेविकेचेही एखादे धाकटे मूल असेल. ते कोणाच्या कडेवर आहे, हे तिला कोणी विचारले आहे काय?

मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती तीन वर्षांखालील मुलांविषयी. तीन वर्षांपुढच्या मुलाला अंगणवाडीत जागा आहे. त्याखालच्याला बहुतांशी शिध्याची पिशवी आहे. पिशवी घरी नेली तरी ती भरविणारे कोणीतरी लागते, आणि बाळाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. रानात गेलेल्या आईला ते जमत नाही, आठ वर्षांच्या बहिणीला ते कळत नाही. कुपोषणाच्या चर्चेत आपण धान्याविषयी फार बोलतो, भरविणाऱ्या हाताविषयी कमी. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरमंडळींच्या संस्थेने हे ओळखून आदिवासी पाड्यांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे काढली. पाड्यातलीच बाई, पाड्यातलेच घर, दिवसभर वेळच्या वेळी सातू, खिचडी, अंडे. आईने निश्चिंत कामाला जावे, थोरल्या भावंडांनी शाळेत जावे. कोसबादला जे सुचले होते तेच येथे पुन्हा, निराळ्या वाटेने सुचले. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची ‘पाळणा’ योजना केंद्रानेही 2022 साली आणली आहे. तिचा विस्तार किती होतो हे पाहावयाचे.

आपल्या गावापुरते बोलायचे तर प्रश्न आणखी जवळचा आहे. आपल्याकडे समाजमंदिरे, सभागृहे, शाळेच्या जादा खोल्या आठवड्यातले बहुतेक दिवस कुलपात असतात. लग्नाला, बारशाला व निवडणुकीच्या सभेला त्या उघडतात. दरम्यान नव्या वसाहतींत पती-पत्नी दोघेही सकाळच्या गाडीला लटकतात आणि जुन्या वाड्यांत काम करणाऱ्या आदिवासी व परप्रांतीय मजुरांची पोरे बांधावर बसलेली असतात. पहिल्यांच्या मुलांसाठी पैसे घेणारी पाळणाघरे निघाली आहेत, दुसऱ्यांच्या मुलांसाठी काही नाही. ही दोन्ही मुले एका खोलीत, एका चटईवर बसतील असे केंद्र चालविणे कठीण आहे, हे मी जाणतो. सुस्थित आईला दुसऱ्या मुलाची सर्दी दिसेल, मजूर आईला पहिल्या मुलाचे बूट दिसतील. पण सामुदायिक हा शब्द लावायचा तर त्या खोलीतच त्याची कसोटी आहे. गरिबांसाठी वेगळे काढलेले केंद्र लवकरच गरीब केंद्र होते. तेथला पंखा बिघडला तर तो दुरुस्त करवून घेण्याइतके वजन असलेला पालक तेथे नसतो.

ज्यांना हे काम खरोखर हाती घ्यावयाचे आहे त्यांनी उद्घाटनाचा पाहुणा ठरविण्यापूर्वी काही रुक्ष गोष्टी ठरवाव्यात. सांभाळणाऱ्या बाईंचा पगार किती, तो कोणाच्या वर्गणीतून, व वर्गणी आटली तर कोठून. मुलाला ताप आला तर कोणाला बोलवायचे. बाईंचे स्वतःचे मूल त्याच चटईवर बसेल की नाही. फी उत्पन्नावर ठेवायची की सरसकट. लावणी-कापणीच्या दिवसांत दार किती वाजता उघडायचे. एकच बाई ठेवायची नाही, दोन ठेवायच्या, कारण एक आजारी पडली की तीस घरांचा दिवस मोडतो. आणि सर्वांत आधी, बंद करण्याची वेळ. पुष्कळ केंद्रे दुपारी बंद होतात. मुंबईहून परतणारी बाई विरारला उतरेपर्यंत दिवेलागण झालेली असते, आणि गाडी उशिरा आली तर त्याहूनही उशीर. सगळी मुले गेल्यावर जे एक मूल दाराशी बसून राहते, त्याच्याबरोबर कोण बसणार आणि त्या तासाचा मोबदला कोणाच्या वहीत मांडावयाचा, हे पहिल्याच सभेत लिहून घ्यावे.